‘ठाण्याला टाकीन’ : एका धमकीचा इतिहास

आज आपण एका वाक्याचा इतिहास बघणार आहोत. वाक्य अगदी लहान आहे. आपल्या भागात ते कधी ऐकलं नाही अशी बाई सापडणं कठीण. ते वाक्य असं : ‘जास्त बोललीस तर ठाण्याला टाकीन.’

पुण्याकडच्या बाया हेच वाक्य ‘येरवड्याला टाकीन’ असं ऐकतात. गाव बदलतं, अर्थ तोच राहतो. तुला वेडी ठरवीन, मग तुझं कुणी ऐकणार नाही.

बाई नवऱ्याच्या घरात असते तोवर ही धमकी तोंडी असते. मारहाणीला, दारूला, उपाशी ठेवण्याला कंटाळून ती लेकरं घेऊन माहेरी आली, की तीच धमकी कागदावर येते. वकिलाची नोटीस येते. तिच्यात लिहिलेलं असतं, की हिचं मानसिक संतुलन बिघडलेलं आहे, ही मुलांना सांभाळू शकत नाही, तेव्हा मुलांचा ताबा बापाला द्यावा. लोक म्हणतात, ‘सुटली बिचारी.’ पण सुटका झालेली नसते. घरातला त्रास संपतो आणि घराबाहेरचा सुरू होतो. रात्री-अपरात्री फोन येतात. शाळेच्या फाटकाशी कुणीतरी उभं असतं. पोटगी थकते. गणपतीला म्हणून नेलेलं पोर दिवाळी झाली तरी परत येत नाही. एक दावा इथे, दुसरा तिथे असं करून बाईला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावतात. वेगळं झाल्यावरही चालणारा छळ तो हाच, आणि ‘वेडी’ हा शब्द त्यातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे. कारण मारहाणीचा वळ दिसतो, पण वेडेपणाच्या आरोपाला उत्तर काय द्यायचं तेच बाईला कळत नाही. रडली तर वेडी, ओरडली तर वेडी, गप्प बसली तर जास्तच वेडी.

हे हत्यार आजचं नाही. ते कुठून आलं आणि त्याची धार कुणी, कशी बोथट केली, हे कळलं तर आपली भीती निम्मी होते. म्हणून हा इतिहास.

आधी जरा लांब जाऊ, अमेरिकेत. तिथल्या इलिनॉय राज्यात एलिझाबेथ पॅकर्ड नावाची सहा मुलांची आई होती. नवरा चर्चमधला धर्मोपदेशक. तिची धर्माबद्दलची मतं नवऱ्याशी जुळेनात आणि ती ती उघड बोलून दाखवी. १८६० साली नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात घातलं. त्या राज्याचा तेव्हाचा कायदाच असा होता, की इतर माणसाला वेडा ठरवायला जो पुरावा लागे, तो लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत लागत नसे. नवऱ्याचं म्हणणं पुरे. तिने तीन वर्षं तिथे काढली. बाहेर आल्यावर नवऱ्याने घरातच कोंडलं, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं. जानेवारी १८६४ मध्ये पंचांनी सात मिनिटांत निकाल दिला, की ही बाई शहाणी आहे. ती घरी परतली, तर नवरा मुलं आणि पैसाअडका घेऊन दुसऱ्या राज्यात निघून गेलेला. शहाणपण सिद्ध व्हायला सात मिनिटं लागली, पण मुलं परत मिळायला १८६९ साल उजाडलं. मधल्या काळात ती स्वस्थ बसली नाही. पुस्तकं लिहिली, ती विकून पोट भरलं, आणि १८६७ साली इलिनॉयला कायदा बदलायला लावला, की वेडेपणाची सुनावणी झाल्याशिवाय कुणालाही असं डांबता येणार नाही.

ही गोष्ट आपण अशासाठी सांगितली, की दीडशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, गोऱ्या बाईच्या बाबतीतही डाव हाच होता. आधी वेडी म्हणायचं, मग मुलं न्यायची.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. मुंबईत कुलाब्याला असं इस्पितळ होतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून ठाण्याला नौपाड्याकडे मोठं मनोरुग्णालय उभं राहिलं. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी आपण सगळे ठाणे जिल्ह्यातच होतो. म्हणून आपल्याकडे ‘ठाणे’ या शब्दाला दोन अर्थ आले. एक जिल्ह्याचं गाव, दुसरं वेड्यांचं हॉस्पिटल. दोष त्या हॉस्पिटलाचा नाही, हे इथेच स्पष्ट सांगतो. माणसाला बरं करायची जागा आहे ती. तिच्या नावाची धमकी केली ती घराघरांतल्या माणसांनी.

पण त्या धमकीला कायद्याचा आधारही होता. १९१२ साली भारतीय वेडेपणाचा कायदा आला. एखाद्याला इस्पितळात ठेवायचं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. अर्ज कुणी करायचा? कायद्यात लिहिलं होतं, की होता होईतो नवऱ्याने किंवा बायकोने. कागदावर दोघांना सारखाच हक्क. पण मैत्रिणींनो, त्या काळात अर्ज लिहिता येणारा, मॅजिस्ट्रेटपर्यंत जाऊ शकणारा, डॉक्टरला फी देऊ शकणारा कोण होता? नवराच. म्हणजे लेखणी कुणाच्या हातात होती ते समजा. हा कायदा थोडाथोडका नाही, जवळजवळ ऐंशी वर्षं चालला. १९८७ साली नवा कायदा झाला आणि तोही लागू झाला १९९३ मध्ये.

आपल्या वारली-कातकरी पाड्यांवर तर कायद्याच्या आधीपासून दुसराच शब्द होता : ‘भुताळी’. गावात पोर दगावलं, गाय मेली, की एखाद्या बाईवर बोट दाखवायचं. तिची जमीन हवी असते, किंवा ती कुणाला जुमानत नसते. भुताळी काय आणि वेडी काय, दोन्ही शब्दांचं काम एकच. बाईच्या बोलण्याची किंमत शून्य करायची. तिचं म्हणणं खोटं आहे असं सिद्ध करत बसावं लागत नाही. तीच खोटी ठरते.

आता आपल्या मराठी माणसांतली एक गोष्ट. ही घरगुती कुजबूज नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेली आहे आणि कायदा शिकणाऱ्या मुलांना आजही अभ्यासाला असते. ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हे तिचं नाव.

१९५६ च्या मे महिन्यात पुण्यात लग्न झालं. दोघंही सुशिक्षित घरांतली. लग्नाआधी मुलीच्या वडिलांनी नवऱ्याकडच्यांना पत्र लिहून मोकळेपणाने सांगितलं, की मुलीला मागे ऊन लागल्यामुळे आजार झाला होता आणि त्याचा मनावर काही काळ परिणाम झाला होता. येरवड्याच्या मनोरुग्णालयात उपचार घेऊन ती बरी झाली आहे. तुम्हाला वाटलं तर डॉक्टरांना विचारा, पुढे गैरसमज नको. नवऱ्याने एका डॉक्टरांकडे चौकशी केली, समाधान झालं आणि लग्न केलं. सुरुवातीला ते बेळगाव जिल्ह्यात राहिले, मग पुण्यात, पुढे दिल्लीत. दोन मुली झाल्या.

१९६१ च्या फेब्रुवारीत दोघं वेगळी झाली. तेव्हा बाई तीन महिन्यांची गरोदर होती. तिसरी मुलगी वेगळं झाल्यावर जन्मली. तिने स्वतःसाठी आणि मुलींसाठी पोटगी मागायला सुरुवात केली. नवरा सरकारी नोकरीत होता, म्हणून थेट दिल्लीच्या शेती मंत्रालयाच्या सचिवांना पत्र लिहिलं. १९६२ च्या फेब्रुवारीत नवरा कोर्टात गेला. त्याचं म्हणणं काय? एक, वेडेपणा लपवून माझी फसवणूक केली, लग्न रद्द करा. दोन, ती बरी न होणारी वेडी आहे, घटस्फोट द्या. तीन, तिने मला छळलं, निदान कायद्याने वेगळं राहू द्या.

बघा, वडिलांनी प्रामाणिकपणे लिहिलेलं पत्र सहा वर्षांनी कुठे आलं! पण निकाल काय लागला तेही बघा. पुण्याच्या पहिल्याच न्यायालयाने फसवणुकीचा आरोप फेटाळला. ती वेडी आहे हेही नवऱ्याला सिद्ध करता आलं नाही, असं सांगितलं. छळाचा मुद्दा मात्र मान्य केला. वरच्या न्यायालयाने तोही काढून टाकला. १९६९ साली मुंबई उच्च न्यायालयात नवरा हरला. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे १९ मार्च १९७५ रोजी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल लिहिला.

आपण इतिहास सांगतो आहोत, म्हणून पूर्ण सांगू. सर्वोच्च न्यायालय बाईच्या बाजूने सगळंच बोललं नाही. तिच्या काही वागण्या-बोलण्याला न्यायालयाने क्रूरताच म्हटलं. पण त्यानंतरही दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिली, म्हणजे नवऱ्याने ते माफ केलं, असं धरून त्याचा दावा फेटाळला. आणि वेडेपणाचा प्रश्न तिथे चर्चेलाच उरला नव्हता. तेरा वर्षं कोर्टकचेरी झाली. धाकटी मुलगी आईच्या पोटात होती तेव्हा सुरू झालेलं भांडण ती चौदाव्या वर्षात असताना मिटलं.

यातून आपण दोन गोष्टी गाठीला बांधायच्या. पहिली, बाई रागीट असू शकते, भांडू शकते, वाटेल तसं बोलून बसू शकते. ती देवी नसते. पण भांडकुदळ असणं म्हणजे वेडी असणं नाही, आणि न्यायालयाने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. दुसरी, एकदा मनोरुग्णालयात उपचार घेतले म्हणजे जन्माचा शिक्का बसला, असं न्यायालयाने मानलं नाही. तेही त्या काळात.

पुढे कायदाही बदलत गेला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेडेपणा हे घटस्फोटाचं कारण होतंच. १९७६ साली त्याची भाषा बदलली. आता नुसता मानसिक आजार पुरेसा नाही. तो अशा प्रकारचा आणि इतका असला पाहिजे, की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. ‘इतका’ हा शब्द महत्त्वाचा. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता यांच्या प्रकरणात हे आणखी उघड केलं. नवऱ्याचं म्हणणं होतं, की बायकोला स्किझोफ्रेनिया आहे. न्यायालय म्हणालं, आजाराचं नाव घेऊन भागणार नाही, तो किती आहे ते दाखवा. मनात थोडाफार बिघाड असला की लग्न मोडायचं म्हटलं, तर फार थोडी लग्नं टिकतील. २०१३ साली आंध्रातल्या एका डॉक्टर जोडप्याच्या प्रकरणातही असंच झालं. बायकोला हाच आजार आहे असं नवऱ्याचं म्हणणं होतं. ती बाई शिकली, पदविका मिळवली, सरकारी नोकरीत रोज रोगी तपासत होती. न्यायालयाने तिच्या आजाराच्या नावाबरोबर तिचं रोजचं कामही बघितलं, आणि घटस्फोट दिला नाही.

हे झालं लग्नाचं. मुलांचं काय?

मुलांच्या बाबतीत जुना कायदा १८९० चा, पालक आणि पाल्य कायदा. तो सगळ्या धर्मांना, सगळ्या जमातींना लागू आहे. त्यानंतर १९५६ चा हिंदूंसाठीचा कायदा. त्यात लिहिलं, की पालक म्हणजे बाप आणि बापानंतर आई. पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहील. ‘बापानंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच का, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या एका अर्जावरून उभा राहिला. गीता हरिहरन यांच्या त्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाप लक्ष देत नसेल, जबाबदारी घेत नसेल, तर तो हयात असतानाही आई पालक होऊ शकते.

मग २०१५ सालचं गोव्याचं प्रकरण. मूल दोन वर्षांचं असताना दिवाणी न्यायाधीशांनी तात्पुरता ताबा आईला दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. कारण काय, तर आई आपण लायक आहोत हे दाखवू शकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पार उलटं केलं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आईने लायकी सिद्ध करायची नसते; ती नालायक आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं असतं. मैत्रिणींनो, हे वाक्य पाठ करून ठेवा. नोटीस आली की आपण पहिलं काय करतो? मी वेडी नाही, मी वेडी नाही, असं सांगत सुटतो. पण आरोप ज्याने केला, पुरावा त्याने आणायचा असतो.

मूल मोठं असेल तर न्यायालय त्याचं हित बघतं, आणि समजतं तेवढं असेल तर त्यालाही विचारतं. इथे खरं तेच सांगायला हवं. आईचा आजार मुलाच्या जिवाला, खाण्यापिण्याला, शाळेला खरंच धोका करत असेल, तर न्यायालय ते बघणारच, आणि बघायलाच हवं. बापाचंही तसंच. प्रश्न आजाराच्या नावाचा नाही. मुलाला वेळेवर भाकरी मिळते का, ताप आला तर कोण नेतं, शाळेच्या सभेला कोण जातं, पोर रात्री कुणाच्या कुशीत निर्धास्त झोपतं, हे प्रश्न खरे.

आपल्याच भागातली एक मैत्रीण आहे. नाव सांगत नाही, गावही नाही. सुके बोंबील, मांदेली घेऊन बाजार करते. सासरी मार खाऊन खाऊन तिची झोप उडाली होती. एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी सासरच्या घरी राहिली. वेगळी झाल्यावर तीच चिठ्ठी कोर्टात आली : बघा, ही मानसिक रुग्ण. झोप ज्याने उडवली, त्यानेच झोपेच्या गोळीचा पुरावा केला. त्यानंतर बाईने दवाखाना सोडला. काय गोळी घेऊ, परत कागद होईल, असं म्हणायची. झोप नाही, भूक नाही, बाजाराला जाणं बंद. आता मात्र तिचं खरंच मुलाकडे लक्ष राहीना. डावाचा सगळ्यात वाईट भाग हाच, की आरोपाच्या भीतीनेच आरोप खरा होऊ लागतो. गटातल्या बायांनी तिला समजावून पुन्हा उपचाराला नेलं. आता ती झोपते, बाजार करते, पोराला शाळेत सोडते. तिचं प्रकरण अजून चालू आहे.

तिला समजावताना जो कायदा कामाला आला, तो २०१७ चा मानसिक आरोग्य देखभाल कायदा. २०१८ पासून तो लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक गटाने माहीत करून घ्याव्यात.

पूर्वी कधी उपचार घेतले किंवा दवाखान्यात राहिली, एवढ्यावरून बाई आज आजारी आहे असं ठरवता येत नाही. समाजाच्या, घराच्या चालीरीती मानत नाही म्हणूनही तिला आजारी ठरवता येत नाही. आजार असला, तरी तेवढ्यावरून ती ‘विकल मनाची’ ठरत नाही. ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं. तिच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आपले कागद बघायचा, मागायचा हक्क तिला आहे. आईला दाखल करावं लागलं आणि मूल तीन वर्षांखालचं असेल, तर साधारणपणे त्याला आईपासून तोडायचं नाही. कुणी कोर्टात मानसिक आजाराचा पुरावा आणला आणि दुसऱ्या बाजूने तो मान्य नाही असं सांगितलं, तर न्यायालयाने तो मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासायला पाठवायचा असतो. म्हणून वकिलाला स्पष्ट सांगा, की हा कागद आम्हाला मान्य नाही. गप्प बसलं तर तो मान्य आहे असा अर्थ निघतो. आणि न्यायालयानेच तपासणी करून घ्या असं सांगितलं, तर टाळू नका. न्यायालयाला तसा अधिकार आहे हे २००३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, मात्र त्यासाठी आधी पुरेसं कारण दिसावं लागतं. कारण नसताना टाळलं तर उलटा अर्थ लागतो. वकिलाशी बोलून, सोबत कुणाला घेऊन जा.

पोटगीसाठी, तात्पुरत्या ताब्यासाठी आणि त्रास थांबवण्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. शिव्या देणं, वेडी म्हणून हिणवणं हाही त्यात हिंसाचारच. आता एका छताखाली राहत नसलं तरी अर्ज करता येतो. घटस्फोट झाला तरी आधी झालेल्या हिंसाचाराची दाद मागता येते, हे २०१४ साली मुंबईतल्या एका मुस्लिम बहिणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आदिवासी मैत्रिणींनी तर हे नक्की लक्षात ठेवावं. हिंदू विवाहाचा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी बघितली जाते. पण २००५ चा हा कायदा आणि मुलांबद्दलचा १८९० चा कायदा सगळ्यांना आहे. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलाचे पैसे नसले तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिची कमाई किती हे विचारत नाहीत. त्यांचा फोन १५१००. महिलांसाठी १८१. मन फार जड झालं, जीव नकोसा झाला, तर टेली-मानस १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.

आता घरी काय करायचं? एक वही घाला. शाळेची नसली तरी गटाच्या हिशोबाच्या वहीसारखी. तारीख घाला आणि दोन ओळी लिहा. आज फोन आला, काय बोलला. आज पोराला ताप, कोणत्या दवाखान्यात नेलं. आज शाळेत सभा, सही केली. लिहिता येत नसेल तर मुलीकडून, शेजारणीकडून लिहून घ्या. फोनवरचे मेसेज पुसू नका. रागाने उलट मेसेज पाठवू नका. तो रागच उद्या पुरावा होऊन येतो. मुलासमोर त्याच्या बापाला शिव्या देऊ नका. त्याने आपलं मन हलकं होत नाही, पोराचं मात्र जड होतं. आणि उपचार चालू असतील तर ते सोडू नका. नियमाने घेतलेलं औषध ही जबाबदार आईची खूण आहे, तसंच ते मांडा.

आणि एक काम आपलं, गटाचं. कोर्टात साक्ष कुणाची निघते? शेजारणीची. पाण्याच्या नळावर, मासळीबाजारात, शेअर रिक्षात आपण सहज बोलून जातो, ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.’ ते बोलणं फिरत फिरत कागदावर जातं. ज्या बाईला आपण दोन पोरांना घेऊन रोज पहाटे उठताना बघतो, तिच्याबद्दल निदान जे बघितलं तेच बोलू. ती रडत होती हे खरं असेल. पण रडत रडत डबा भरत होती, हेही सांगू.

शेवटी पुन्हा त्या लेखणीकडे येऊ. १९१२ च्या कायद्यात अर्जाचा पहिला मान नवरा-बायकोला होता, म्हणजे प्रत्यक्षात नवऱ्याला. २०१७ च्या कायद्यात मोठं कलम असं आहे, की आपल्यावर कधी उपचाराची वेळ आली तर आपल्या वतीने कोण बोलेल, हे प्रत्येक सज्ञान माणूस स्वतः ठरवू शकतो. बहीण, आई, भाऊ, मैत्रीण, ज्याच्यावर विश्वास त्याचं नाव. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद, त्यावर नाव, आणि खाली सही किंवा अंगठा. बाईला तिच्या मर्जीविना दाखल केलंच, तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि तीन दिवसांत मंडळाला कळवावं लागतं. म्हणजे ‘ठाण्याला टाकीन’ म्हणणाऱ्याच्या हातात आता ते एकट्याने करणं नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले, की प्रत्येकीने एक कोरा कागद घ्यावा आणि आपलं माणूस कोण ते त्यावर लिहावं. शाई गटाच्या पेटीत असतेच.